मानसशास्त्रज्ञाकडे जायचं, पण अपॉइंटमेंट कशी घ्यायची आणि पैसे किती लागतात?

मागच्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात राळेगाव तालुक्यातले एक शेतकरी माझ्याकडे आले होते. वय पन्नाशीच्या आत. तक्रारी नेहमीच्याच: छातीत जळजळ, अंगदुखी, जेवण जात नाही, झोप लागत नाही. तीन महिन्यांत पाच किलो वजन उतरलं होतं. रक्तदाब, साखर, थायरॉईड, ईसीजी, सगळं तपासलं. काही सापडलं नाही.

मग मी दोन प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश असतं का? पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत आता रस वाटत नाही, असं होतं का? दोन्हींचं उत्तर "रोजच" असं आलं. जगून काय करायचं, असे विचार मनात येतात का, हेही विचारलं. त्यांनी मान खाली घालून "नाही" म्हटलं.

नैराश्य आहे हे मला कळलं होतं. मी माझ्या ओळखीतल्या, नागपूरच्या एका मानसशास्त्रज्ञांचं नाव आणि फोन नंबर चिठ्ठीवर लिहिला, "यांना भेटून घ्या" म्हणालो आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. बाहेर अकरा जण बसले होते. माझ्या मते माझं काम झालं होतं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी त्यांची बायको एकटीच आली. रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटातून तिनं माझी चिठ्ठी काढली. घडी जशीच्या तशी होती.

"डाक्टर साहेब, ह्या नंबरावर फोन करा लागते का? आन् केला तं पैसे किती लागतीन, हे त्यायले विचारता येते का? हे म्हणते, बोल्याचे कायचे पैसे! मले तं काहीच समजत नाही. पण आता रात्री उठून आंगणात बसून रायते. मले भेव लागते."

दोन महिने ती चिठ्ठी घरात पडून होती, आणि ती पडून राहण्याचं कारण मीच होतो. कुठं जायचं हे मी सांगितलं. कधी, कसं, कोणाला फोन करायचा, किती पैसे, किती वेळा, यातलं एक अक्षरही बोललो नव्हतो. शिवाय यवतमाळमध्ये सोय असताना दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरचं नाव दिलं होतं, केवळ सवयीनं.

हा लेख त्या चिठ्ठीवर राहून गेलेल्या गोष्टींबद्दल आहे. त्या दोघांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी माझीच गोष्ट

तुम्हाला वाटेल, अडाणी माणसाला फोन करायला संकोच वाटतो, शिकलेल्यांना काय अडचण? म्हणून माझीच गोष्ट सांगतो.

२०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट ओसरल्यावर माझी झोप गेली. पेशंटवर चिडायला लागलो. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. दोन-तीन महिने असेच गेल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही दुसऱ्यांना पाठवता ना, मग स्वतः का जात नाही?" मी पुण्याच्या एका मानसशास्त्रज्ञांचा नंबर मिळवला. तीन वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाईप केला आणि तीनदा पुसला. शेवटी फोन केला, तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीला म्हणालो, "माझ्या एका पेशंटसाठी चौकशी करतोय. फी किती असते?"

ती म्हणाली, पन्नास मिनिटांचे बाराशे रुपये. माझ्या मनात पहिला विचार आला तो राळेगावच्या त्या शेतकऱ्याच्या मनात पुढे आला तोच: नुसत्या बोलण्याचे बाराशे? गाडीच्या सर्व्हिसिंगला त्याच महिन्यात मी साडेसहा हजार दिले होते आणि बिल वाचलंही नव्हतं.

मी एकूण सात वेळा ऑनलाइन भेटलो. ८,४०० रुपये झाले. चौथ्या भेटीनंतर झोप सुधारली. त्या भेटींत काय बोललो ते इथं सांगण्याची गरज नाही. पण एक गोष्ट मला कळली की, ते नुसतं बोलणं नव्हतं. समोरचा माणूस प्रश्न विचारत होता, लिहून घेत होता, मला आठवडाभराचं काम देत होता आणि पुढच्या वेळी त्याचा हिशेब मागत होता. आपण अस्थितज्ज्ञाला नुसतं हात लावल्याचे पैसे देत नाही, कुठं हात लावायचा या ज्ञानाचे देतो. इथंही तसंच आहे.

इतकं होऊनही मी पेशंटच्या हातात तशीच कोरी चिठ्ठी देत राहिलो, याची मला आज लाज वाटते.

नेमकं कोणाकडे जायचं?

अपॉइंटमेंट घेण्याआधी तीन शब्दांतला फरक समजून घ्या, म्हणजे चुकीच्या दारात पैसे जाणार नाहीत.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनाच्या आजारांत एमडी किंवा पदविका केलेला डॉक्टर. हे औषध लिहून देऊ शकतात. झोप, भूक, वजन, कामधंदा यांवर मोठा परिणाम झाला असेल, भास होत असतील, संशय वाढला असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर पहिली भेट यांची घ्या.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणजे मानसशास्त्रात एमए किंवा एमएससी करून पुढे दोन वर्षांचं एमफिलचं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती. भारतीय पुनर्वास परिषदेकडे यांची नोंदणी असते. हे औषध देत नाहीत. बोलण्यातून, सरावातून उपचार करतात, गरज असेल तर चाचण्या घेतात.

समुपदेशक हा शब्द सैल आहे. चांगलं शिक्षण घेतलेले उत्तम समुपदेशक मी पाहिले आहेत आणि दोन दिवसांचं शिबिर करून पाटी लावलेलेही पाहिले आहेत. म्हणून शिक्षण काय आणि नोंदणी आहे का, हे मोकळेपणानं विचारा. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

एकाकडे गेलं की दुसऱ्याकडे जायचं नाही असं नसतं. मध्यम किंवा तीव्र नैराश्यात बऱ्याच वेळा औषध आणि बोलण्याचा उपचार दोन्ही लागतात.

किती पैसे लागतात, खरं सांगतो

गेल्या वर्षभरात माझ्या पेशंटांनी मला सांगितलेले आकडे असे: यवतमाळ-अमरावतीकडे एका भेटीचे ५०० ते ८००, नागपुरात ८०० ते १,५००, पुण्या-मुंबईच्या मानसशास्त्रज्ञांकडे ऑनलाइन १,००० ते २,५०० रुपये. भेट साधारण ४५ ते ५० मिनिटांची असते.

पण फी हा खर्चाचा एकच भाग झाला. त्या बाईसोबत बसून मी कागदावर हिशेब मांडला. नागपूरची फी १,००० रुपये. गावाहून यवतमाळ, तिथून नागपूर, दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं मिळून हजाराच्या आसपास. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तरीही. चहा-जेवण २००. दोघांची बुडालेली मजुरी ५०० धरा. एका भेटीला २,७०० रुपये. सहा भेटी म्हटल्या तर १६,२०० रुपये. क्विंटलला सात हजारांचा भाव धरला तर सव्वादोन क्विंटलहून जास्त कापूस.

हे मी आधी मांडलं असतं, तर ती चिठ्ठी देण्याची माझी हिंमत झाली नसती.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की, नैराश्य असलेल्या दर १०० माणसांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. ज्यांच्या घरात असा आजार होता, त्या कुटुंबांचे महिन्याला हजार ते दीड हजार रुपये प्रामुख्यानं उपचार आणि प्रवास यांवरच जात होते. म्हणजे गाडीभाडं हाही या आजारातला एक अडथळा आहे. डॉक्टरांनी तो विचारात घ्यायला हवा आणि तुम्हीही तो सांगायला लाजू नये.

किती वेळा जावं लागतं?

हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि मनात मात्र धरून बसतात: एकदा सुरू केलं की आयुष्यभर पैसे भरत राहायचं का?

नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी प्रत्येक रुग्णाला ६ ते ८ वेळा भेटून उपचार केला. नेहमीच्या उपचारांसोबत ज्यांना हे मिळालं, त्यांच्यातले बरे होणारे जास्त होते.

म्हणून नैराश्य आणि चिंतेसाठी सुरुवातीला ६ ते ८ भेटींचा हिशेब मनात धरा. पहिल्या काही आठवड्याला एक, मग पंधरा दिवसांनी एक. चौथ्या भेटीला स्वतः विचारा, "मी कुठवर आलो? अजून किती लागतील?" जुने आघात, व्यसन किंवा मंत्रचळ यांना जास्त वेळ लागतो, पण तिथंही मधूनमधून हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

दहा-वीस भेटींचे पैसे एकदम आगाऊ भरू नका. माझ्या एका पेशंटच्या मुलीनं एके ठिकाणी बारा भेटींचं पॅकेज घेतलं. दोन भेटींनंतर तिचं त्या व्यक्तीशी जमलं नाही. उरलेल्या दहा भेटींचे पैसे परत मिळाले नाहीत आणि आता नको तो डॉक्टर, असं तिच्या मनानं घेतलं. पहिल्या दोन भेटी सुट्या करा. पटलं तर पुढे जा. न पटणं यात तुमची चूक नसते, त्यांचीही नसते.

फोनवर काय विचारायचं?

माझ्यासारखं "पेशंटसाठी विचारतोय" असं खोटं सांगितलं तरी चालेल, पण फोन करा. आजाराची हकिकत फोनवर सांगायची गरज नाही. "मला अपॉइंटमेंट हवी आहे, पहिल्यांदाच येतोय" इतकं पुरे. मग हे प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा:

१. एका भेटीची फी किती, आणि भेट किती मिनिटांची? पहिल्या भेटीची फी वेगळी आहे का?
२. चाचण्या लागल्या तर त्यांचे पैसे वेगळे असतात का? (बुद्ध्यांक, शिकण्यातल्या अडचणी, व्यक्तिमत्त्व या चाचण्या महाग असतात. त्या का करायच्या, हे आधी समजून घ्या.)
३. मराठीत बोलता येईल ना?
४. पहिली भेट समोरासमोर आणि पुढच्या फोनवर किंवा व्हिडिओवर घेता येतील का?
५. येणं जमलं नाही तर किती तास आधी कळवायचं? नाही कळवलं तर फी लागते का?
६. फीमध्ये काही सवलत मिळू शकते का?
७. पैशांची पावती मिळेल का?

सहावा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, मला माहीत आहे. पण अनेक मानसशास्त्रज्ञ काही जागा कमी फीच्या ठेवतात. विद्यार्थ्यांना, नोकरी गेलेल्यांना, शेतमजुरांना कमी घेतात. ते पाटीवर लिहिलेलं नसतं, विचारणाऱ्यालाच कळतं. "माझी ऐपत महिन्याला अमुक इतकी आहे, यात काय करता येईल?" असं स्वच्छ विचारा. यात भीक मागण्यासारखं काही नाही. पैसे परवडत नाहीत हे न सांगता तिसऱ्या भेटीनंतर गायब होण्यापेक्षा, महिन्यातून एकच भेट ठरवून ती पाळणं कितीतरी बरं.

कुटुंबातल्या दुसऱ्या कोणासाठी अपॉइंटमेंट घेत असाल तर त्या माणसाला अंधारात ठेवून घेऊ नका. "चल, बीपी दाखवून येऊ" असं सांगून नेलेला माणूस पुन्हा त्या दारात पाऊल ठेवत नाही.

घरातल्या बायकांसाठी वेगळं सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींच्या हातात स्वतःचे पाचशे रुपये नसतात. नवऱ्याकडे मागायचे तर कारण सांगावं लागतं, आणि कारण बहुधा त्या घरातच असतं. तुमची अशी अडचण असेल तर ती तुमच्या डॉक्टरांना सांगा. खाली दिलेल्या सरकारी सोयींना पैसे जवळजवळ लागतच नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातलं दार

यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकृती विभाग आहे. केसपेपर काढायचा, बाह्यरुग्ण विभागात बसायचं, नंबर लागला की डॉक्टरांना भेटायचं. खर्च नाममात्र. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रचनेत मानसोपचारतज्ज्ञासोबत मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका यांचीही पदं असतात. राळेगाव, कळंबकडच्या लोकांना वर्धा जिल्हाही जवळ पडतो. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं रुग्णालय, दोन्हीकडे हा विभाग आहे.

आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक सोय आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे यवतमाळचं नाव देशभर झालं, त्यानंतर राज्य सरकारनं २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. शेतकऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना समुपदेशन आणि उपचार मिळावेत हा त्याचा हेतू. त्यात आशाताईंचं काम महत्त्वाचं आहे: घरोघरी जाऊन विचारपूस करायची आणि गरज असलेल्या माणसाला आरोग्य केंद्रापर्यंत आणायचं. म्हणून तुम्हाला काहीच सुचत नसेल तर गावातल्या आशाताईला विचारा. तिला रस्ता माहीत असतो.

गावातल्याच माणसांनी हे काम करता येतं याचा पुरावा शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. तिथं ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरचे कार्यकर्ते, समुपदेशक आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ, अशी साखळी होती. सुरुवातीला नैराश्य असलेल्या १०० पैकी चार-पाच जणच उपचार घेत होते. दीड वर्षानंतर ते प्रमाण १०० ला सुमारे २७ झालं. माणसं तीच होती. सेवा जवळ आली आणि कोणीतरी सोबत आलं, एवढाच फरक.

सरकारी दवाखान्यातली अडचणही सांगतो. गर्दी असते. पन्नास मिनिटं कोणी देऊ शकत नाही, कधी पंधरा मिनिटंच मिळतात. दर वेळी तीच व्यक्ती भेटेल याची खात्री नसते. म्हणून सकाळी लवकर पोचा, गेल्या वेळचा कागद आणि औषधांची पाकिटं सोबत न्या, काय सांगायचं ते चार ओळींत लिहून न्या. आणि बोलण्याचा उपचार हवा असेल तर "मला समुपदेशनही हवं आहे, कोणत्या वारी येऊ?" असं स्वतःहून विचारा. न विचारल्यास नुसतं औषध घेऊन परत येण्याची शक्यता जास्त.

घरबसल्या बोलायचं असेल तर केंद्र सरकारची 'टेली मानस' सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढच्या तज्ज्ञाकडे जोडून देतात.

विम्यातून मिळतात का पैसे?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. शरीराच्या आजाराला ज्या तत्त्वावर विमा मिळतो त्याच तत्त्वावर मनाच्या आजारालाही द्यावा, असं त्यात म्हटलं आहे. पण यातला बारकावा समजून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक विमा पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात. आयुष्मान कार्डाचंही तसंच, ते भरती रुग्णांसाठी आहे. मानसशास्त्रज्ञाकडच्या भेटी बाह्यरुग्ण विभागातल्या असतात, त्यामुळे पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चाचा वेगळा भाग असेल तरच ते पैसे मिळतात. नोकरदारांनी कंपनीकडे चौकशी करावी, काही ठिकाणी कर्मचाऱ्यांना ठरावीक भेटी मोफत असतात आणि कोणी वापरतच नाही. पावत्या मात्र सगळ्यांनी जपून ठेवाव्यात.

याच कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही दिला आहे. तुम्ही काय बोललात हे तुमच्या संमतीशिवाय गावात, ऑफिसात सांगता येत नाही. जिवाला धोका असेल तेव्हाचा अपवाद सोडून.

अपॉइंटमेंटची वाट पाहू नये अशी वेळ

माणूस मरणाची भाषा करत असेल, जवळच्यांचे निरोप घेत असेल, वस्तू वाटून टाकत असेल, तर पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटला अर्थ नाही. त्याच दिवशी जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. १०८ ला फोन करा. १४४१६ वर बोला. त्या माणसाला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरातून काढून दुसऱ्याच्या ताब्यात द्या. "असले विचार येतात का?" असं सरळ विचारल्यानं विचार वाढत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. आणि प्रयत्न केलेल्या माणसाला दवाखान्यात नेताना पोलीस केसच्या भीतीनं थांबू नका. नव्या कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं आणि तिला शिक्षा करण्यापेक्षा तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

त्या चिठ्ठीचं पुढे काय झालं?

"भेव लागते" असं ती बाई म्हणाली, तेव्हा मी बाकीचे पेशंट थांबवले. तिच्या समोरच तिच्या नवऱ्याला फोन लावला. "जिवाचे विचार येतात का?" हे पुन्हा विचारलं. या वेळी बराच वेळ फोनवर काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "येते कधी कधी."

दोन महिन्यांपूर्वी त्यांनी मला "नाही" म्हटलं होतं. मी तेव्हा खाली गेलेली मान पाहिली होती आणि तरी पुढच्या पेशंटला बोलावलं होतं.

औषधाचे डबे शेजाऱ्याकडे ठेवायला सांगितले. रात्री धाकटा भाऊ सोबत झोपायला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते, त्यांची बायको आणि गावातली आशाताई यवतमाळला शासकीय रुग्णालयात पोचले. मी आदल्या दिवशी तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं. औषध सुरू झालं. समुपदेशनासाठी दुसऱ्या आठवड्यातला वार मिळाला.

चार महिन्यांत ते सहा वेळा गेले. वेचणीच्या धामधुमीत एक भेट चुकली, तेव्हा आशाताईनं फोन करून पुढची तारीख घेऊन दिली. सगळा खर्च म्हणजे बसभाडं आणि चहापाणी. दोन वेळा तर त्यांनी बाजाराच्या कामातच भेट जमवली. कर्ज अजून आहे. कापसाला भाव मिळाला नाही तो नाहीच. पण झोप लागते, जेवतात, शेतावर जातात. परवा बीपी दाखवायला आले तेव्हा स्वतःच म्हणाले, "बोल्याचे पैसे कायले, म्हणत होतो मी. पण तिथं जे बोललो ते घरी नसतो बोललो."

त्या दिवसापासून माझी चिठ्ठी बदलली आहे. आता तिच्यावर चार गोष्टी असतात: कुठं जायचं, कोणत्या वारी आणि किती वाजता, अंदाजे किती पैसे आणि किती भेटी, आणि सोबत कोण येणार. चौथी गोष्ट मी पेशंटच्या तोंडून वदवून घेतो. पहिला फोन शक्यतो माझ्या केबिनमधूनच लावतो. याला दहा मिनिटं लागतात. बाहेरचे अकरा जण थोडे कुरकुरतात, पण त्यांच्यातही एखाद्याला उद्या हीच दहा मिनिटं लागणार असतात.

तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला नुसतं नाव लिहून दिलं, तर खुर्चीतून उठू नका. "डॉक्टर, फी किती? किती वेळा जावं लागेल? इथं जवळ, कमी पैशांत सोय आहे का?" एवढं विचारा. आम्हाला घाई असते, म्हणून आम्ही हे विसरतो. तुम्ही विचारलंत तर आम्हाला आठवतं.